न जेवलेल्या माणसाचं आडनाव

माझी यादी कधी चुकत नाही, असा माझा समज होता. शारजाच्या औद्योगिक भागात दिव्यांच्या एका कंपनीत मी नऊ वर्षं स्टोअरकीपर होतो आणि या काळात माझ्या गोदामातून एक साधा होल्डरसुद्धा बेहिशेबी बाहेर गेला नव्हता. लोक मला खडूस म्हणत. म्हणू देत. खडूस माणसाच्या गोदामात वस्तू जागेवर सापडते.

२००८ सालच्या दिवाळीच्या आसपास चेक देशातून शेहेचाळीस लाकडी पेट्या आल्या. दुबईत एक मोठं हॉटेल उभं राहत होतं, त्याच्या लॉबीत लावायचं झुंबर त्यात होतं. एकाखाली एक अकरा कड्या आणि प्रत्येक कडीला शेकडो लोलक. इंग्रजी पॅकिंग लिस्ट काही आली नव्हती. पेटी उघडली की सगळ्यात वर मात्र जाड कागदाची एक चिठ्ठी असायची आणि तिच्यावर निळ्या शाईत हाताने लिहिलेला एकच शब्द. काही पेट्यांवर तोच शब्द परत यायचा. मोजले तेव्हा वेगवेगळे शब्द अकरा भरले. मी ठरवून टाकलं की ही लोलकांच्या आकारांची नावं आहेत. एरवीही परदेशी मालाला असली चमत्कारिक नावं असतातच. मी लोलक मोजले आणि कॉम्प्युटरवर चढवले. नोव्हाकोवा, ४१२ नग. स्मुतना, ३८० नग. स्कोच्दोपोलोवा, ४०५ नग. मोठ्या ऐटीत यादी मॅनेजरला पाठवली, त्याने ती हॉटेलच्या कन्सल्टंटला पाठवली. दोन दिवसांनी कन्सल्टंटची ईमेल आली की स्मुतनाचं टेक्निकल स्पेसिफिकेशन ताबडतोब सादर करा.

त्याच आठवड्यात झुंबर बांधणारा कारागीर चेक देशातून आला. साठीचे, उंच, पाठीतून किंचित वाकलेले गृहस्थ. स्वतःची पक्कड स्वतःच्या पिशवीत घेऊन आले होते आणि ती कुणाच्या हाती देत नव्हते. मी त्यांना यादी दाखवून विचारलं, "सर, व्हॉट इज द डिफरन्स बिटवीन नोव्हाकोवा अँड स्मुतना?"

त्यांनी यादी उभ्याउभ्याच वाचली आणि हसायला लागले. हसता हसता एका पेटीवर बसले. डोळे पुसले. मग यादी पुन्हा पहिल्यापासून वाचली, पण या वेळी हसले नाहीत.

"या बायका आहेत," ते म्हणाले.

त्यांच्या कारखान्यातली पद्धत अशी होती. एक कडी एकाच बाईची. तिचे लोलक तीच निवडणार, तीच त्यांना तारेचे आकडे घालणार, मोजणार, कागदात गुंडाळणार, पेट्या भरणार आणि वर आपल्या आडनावाची चिठ्ठी ठेवणार. काही कमी निघालं तर कुणाला विचारायचं ते कळतं. शिवाय बांधणाऱ्यालाही हात ओळखता येतो. नोव्हाकोवा तार घट्ट पिळते, स्मुतना आकडा जरा लांब ठेवते. आणि मी या अकरा बायकांना आकार समजून स्टॉकमध्ये घेतलं होतं. मला भयंकर लाज वाटली. यादी दुरुस्त करतो म्हटलं तर त्यांनी माझा हात धरला. राहू दे म्हणाले, इतक्या वर्षांत यांची नावं कुठल्या यादीत आली नव्हती.

शेवटच्या नावावर त्यांनी बोट ठेवलं. प्रोखास्कोवा, ३९५ नग. "ही माझी बायको."

बाईंनी तीस वर्षं पेट्या भरल्या होत्या आणि एकही झुंबर पूर्ण बांधलेलं, पेटलेलं पाहिलं नव्हतं. कारखान्याचं छत बुटकं, तिथे नुसता सांगाडा टांगून बघत. कड्या चढायच्या त्या परदेशात, कुणाच्या तरी महालात नाहीतर हॉटेलात. हे गृहस्थ देशोदेशी जाऊन झुंबरं टांगत आणि घरी गेल्यावर तिला फोटो दाखवत. फोटोत काही कळत नाही, असं ती म्हणे. आता कारखाना बंद होणार होता. फेब्रुवारीअखेर पॅकिंगची खोली कायमची मिटणार होती. म्हणून त्यांनी तिचं फेब्रुवारीतलं दुबईचं तिकीट आधीच काढून ठेवलं होतं. हॉटेलचं उद्घाटन त्याच सुमारास होतं. हे शेवटचं झुंबर तिला पेटलेलं दाखवायचं, एवढंच त्यांच्या मनात होतं. हे त्यांनी मला पहिल्याच दिवशी सांगितलं.

हॉटेलचं छत तयार व्हायला वेळ होता. त्यामुळे ते रोज आमच्या गोदामात येऊन बसत, सांगाड्याचे भाग जुळवून बघत, आणि मी चहा घेऊन गेलो की एकेका आडनावाची गोष्ट सांगत. त्यांचं इंग्रजी मोडकं, माझं म्युनिसिपालिटीच्या शाळेतलं, मधलं अंतर आम्ही हातवाऱ्यांनी भरून काढायचो.

त्यांच्याकडे सगळे मानतात ती गोष्ट अशी. जुन्या काळी एका सम्राटाने हुकूम काढला की प्रत्येकाला आडनाव हवं. मग त्याचा कारकून जाडजूड वही घेऊन गावोगाव, घरोघर फिरला. लोकांना आडनाव म्हणजे काय तेच ठाऊक नाही, तर कारकुनाला जे दिसलं ते त्याने लिहून टाकलं. एक कुटुंब गावात नुकतंच आलं होतं, ते नोव्हाक, म्हणजे नवे, आणि त्यांच्यातली बाई नोव्हाकोवा. एकाचे केस कुरळे, तो कुचेरा. एकजण कारकुनाची गाडी बघून घाबरला आणि त्याने शेतात उडी मारली. त्याचं आडनाव स्कोच्दोपोले, 'शेतात उडी मार'. एक घाईघाईने निघाला होता, तो पोस्पीशिल. एक तोंड पाडून बसला होता, त्याच्या घरातल्या बायका अजून स्मुतना, म्हणजे दुःखी. आणि एका घरात नवरा काही बोलेचना, तेव्हा त्याच्या बायकोने सांगितलं की हे रुसलेत, काल रात्री जेवले नाहीत. कारकुनाने लिहिलं नेवेचेर्झाल. 'रात्री न जेवलेला'.

मी चहाचा कप तसाच धरून बसलो. आमच्याकडेही दहीभाते आहेत, उकिडवे आहेत, वाघमारे तर गल्लोगल्ली. शाळेत एका आगलाव्याला आम्ही काडेपेटी दाखवून हैराण केलं होतं. पण असा विचार कधी डोक्यात आला नव्हता. कुठल्याशा खेड्यात एक माणूस एका रात्री जेवला नाही. त्याला सकाळी त्याचं काही वाटलंही नसेल. आणि दोनशेहून जास्त वर्षांनी त्याच्या वंशातल्या एका बाईने त्या न जेवण्याची चिठ्ठी पेटीत ठेवली आणि ती पेटी शारजात माझ्या हातून उघडली गेली. माझ्या अंगावर काटा आला. उन्हाळा संपलेला होता, एसी काही इतका गार नव्हता, तेव्हा काटा कशाने आला ते मला पक्कं ठाऊक आहे.

एकदा कारागिरांनी आमचे बिल्ले बघितले. माझ्या गळ्यात एक, आणि फोर्कलिफ्ट चालवणाऱ्या चाचांच्या गळ्यात एक. चाचा रत्नागिरीकडचे, पन्नाशी उलटलेले, पाच वेळचे नमाजी. आमचं दोघांचं आडनाव एकच, गावाला 'कर' लावून झालेलं. ते आडनाव इथे सांगत नाही, पण त्यापायी त्यांच्या रजेची पत्रं माझ्या टेबलावर यायची आणि माझ्या नावे आलेली ताकिदीची पत्रं त्यांना मिळायची.

"तुम्ही दोघे भाऊ?" त्यांनी विचारलं.

आम्ही दोघेही मोठ्याने हसलो. मी म्हटलं, "नो, नो. ही इज मुस्लिम, आय ॲम हिंदू."

"मग आडनाव एकच कसं?"

आता आली का पंचाईत! चार वर्षं एका गोदामात काम करून आम्ही एकमेकांना हे कधी विचारलं नव्हतं. चाचांनी फोर्कलिफ्टचं इंजिन बंद केलं. म्हणाले, "भाऊ, आमच्या गावात आमाला कोन तसं म्हनत नाय. गावात सगळेच तिथले. आमचे दादा बोटीवर खलाशी लागले, तेव्हा मुंबईला कारकुनानं नाव विचारलं, बापाचं नाव विचारलं, गाव विचारलं. गाव त्यानं आडनावाच्या खान्यात लिवलं. खलास."

आमच्या घरातली समजूत वेगळी. आजोबा सांगायचे की आपलं मूळ आडनाव दुसरंच होतं. कुणा पूर्वजाचं खोताशी वाजलं, त्याने बायकापोरांसह गाव सोडलं आणि घाट चढून आल्यावर लोक त्याला गावाच्या नावाने ओळखायला लागले. खरंखोटं देव जाणे. खोताशी वाजल्याची गोष्ट निम्म्या महाराष्ट्राच्या घराघरात सांगतात. पण चाचांचं ऐकून एक गोष्ट माझ्या डोक्यात लख्ख झाली. गावाचं नाव माणसाला गाव सोडल्यावरच लागतं. म्हणजे माझा कोणीतरी आणि चाचांचा कोणीतरी, वेगवेगळ्या काळात, एकाच गावाकडे पाठ करून चालायला लागला होता, आणि त्या चालण्याची खूण आम्ही दोघे प्लॅस्टिकच्या बिल्ल्यावर गळ्यात बांधून फिरत होतो. मी ते गाव उभ्या जन्मात पाहिलेलं नाही.

डिसेंबरात मंदी आमच्या गल्लीत पोचली. वर्तमानपत्रात ती आधीच आली होती, पण आम्हाला कळली ती कानाने. शेजारी लोखंडी फॅब्रिकेशनची मोठी शेड होती. तिथल्या ग्राइंडरचा आवाज इतका असायचा की मी सकाळीच कानात कापसाचे बोळे घालायचो. एक दिवस घरी आल्यावर बायको म्हणाली, आज बोळे घातले नाहीत? मी विसरलो होतो, आणि दिवसभर माझ्या ते लक्षातही आलं नव्हतं.

हॉटेलचं काम थांबलं. कंत्राटदार निघून गेला, साइटच्या फाटकाला कुलूप लागलं. महिनाभर वाट बघून आमच्या मॅनेजरने, जॉर्डनच्या माणसाने, ठरवलं की झुंबर एका डीलरला विकायचं. डीलरला झुंबर नको होतं, सुटे लोलक हवे होते. लग्नाच्या हॉलमधल्या छोट्या दिव्यांना तो ते लावणार होता. पेट्या जशाच्या तशा बंद द्यायच्या, कुणी हात लावायचा नाही, असा हुकूम निघाला.

कारागिरांना त्यांच्या कारखान्याने परत बोलावलं. ते गेले नाहीत. बायकोचं तिकीट चार दिवसांवर आलं होतं. त्यांनी मॅनेजरकडे शब्द टाकला नाही. माझ्याकडे आले, पेटीवर बसले आणि म्हणाले, "तुझ्याकडे किल्ल्या आहेत."

मला राग आला. खरं सांगायचं तर भीती वाटली, पण मला भीती वाटली की राग येतो. मी म्हटलं, मी साधा स्टोअरकीपर आहे, आमच्याकडे रोज दोन माणसं कमी करतायत, उद्या माझाच नंबर लागेल, तुमच्या बायकोला झुंबर दाखवायला मी काय सर्कस काढू? ते उठले, माझा खांदा थोपटला आणि सांगाड्याच्या नटबोल्टांना तेल लावायला गेले. त्याचा मला जास्त राग आला.

संध्याकाळी जेवताना मी हे सगळं बायकोला सांगत होतो. माझी सहा वर्षांची मुलगी ऐकत होती. न जेवलेल्या माणसाची गोष्ट तिला आधीपासून माहीत होती. तिने मध्येच विचारलं, "बट बाबा, व्हाय डिड ही नॉट ईट? वॉज देअर नो डिनर?"

बायको म्हणाली, "अगं, तो रुसला होता."

"मेबी दे जस्ट सेड दॅट," मुलगी म्हणाली, आणि वरण ओरपायला लागली.

त्या घरात खरंच जेवण नसेल, आणि परक्या माणसासमोर बाईने नवऱ्याच्या रुसव्याचं निमित्त सांगितलं असेल, हे माझ्या एवढ्या मोठ्या डोक्यात आलं नव्हतं. ते आठवून आजही मला त्या पोरीचं नवल वाटतं. त्या संध्याकाळी मला दुसरा घास नीट गेला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी मॅनेजरच्या केबिनमध्ये गेलो आणि नऊ वर्षांत कधी म्हटलं नव्हतं ते वाक्य म्हटलं. "सर, माय स्टॉक लिस्ट इज राँग."

त्याने चष्मा काढला. "यू? राँग?"

मी यादी पुढे ठेवली आणि सांगितलं की ही आकारांची नावं नाहीत, ही पॅकिंग करणाऱ्या बायकांची आडनावं आहेत. डीलरला आकारवार काउंट लागेल. हा माल कडीला चढवल्याशिवाय कुठला आकार किती ते नक्की सांगता येणार नाही. यातलं शेवटचं वाक्य निम्मं खरं होतं. बाकीचं निम्मं मी छातीठोकपणे म्हटलं.

तो यादी वाचत गेला. मग त्याचा चेहरा हलायला लागला. "सो आय सेंट इलेव्हन लेडीज टू द कन्सल्टंट?"

"येस सर."

"अँड ही आस्क्ड फॉर स्पेसिफिकेशन?"

तो इतका हसला की बाहेरचा ऑफिसबॉय डोकावून गेला. मंदी सुरू झाल्यापासून त्या केबिनमध्ये कुणी हसलेलं मी ऐकलं नव्हतं. शेवटी हात हलवत म्हणाला, "यल्ला. थर्सडे ओपन, फ्रायडे काउंट, सॅटरडे क्लोज. नो ओव्हरटाइम, हबीबी. खलास."

झुंबर टांगायला शेजारची शेड मिळाली. तिथे छताला क्रेन होती आणि दोन महिन्यांत तिने काही उचललं नव्हतं. वेल्डर, फिटर अशी दहाबारा माणसं कामाविना बसून होती, कुणी बिहारचे, कुणी पेशावरकडचे. ती आपणहून आली. रिकामं बसण्याला सगळेच कंटाळले होते. गुरुवारी पहाटे क्रेनच्या हुकाला सांगाडा लागला आणि कारागीर शिडीवरून एकेक आडनाव पुकारायला लागले. "नोव्हाकोवा!" की चाचा फोर्कलिफ्टवरून त्या पेट्या आणणार. माणसं मला विचारायची, ये क्या बोल रहा है? मी सांगायचो, ये नई वाली. ये घुंघराले बाल वाली. ये खेत में कूदने वाली. नेवेचेर्झालोवा पुकारलं तेव्हा मी म्हटलं, इसके यहाँ किसी ने रात का खाना नहीं खाया था. एका बिहारी वेल्डरने ती पेटी दोन्ही हातांनी छातीशी धरून आणली आणि बाकीच्यांना ओरडला, "हटो, भूखी है बेचारी!" सगळे हसले. पण त्यानंतर प्रत्येकजण पेटी उचलण्याआधी विचारायचा, ये कौन है? नाव कळल्याशिवाय कुणी हात लावेना.

कारागिरांची बायको गुरुवारी विमानाने आली आणि शुक्रवारी जुम्म्याच्या नमाजानंतर शेडमध्ये आली. बुटक्या, गोल चेहऱ्याच्या, हातावर जाड हिवाळी कोट टाकलेल्या. झुंबराला ताडपत्री गुंडाळलेली होती, आमचा इलेक्ट्रिशियन अजून तारा जोडत होता. कारागिरांनी माझी ओळख करून दिली की यानेच ती यादी केली. बाईंनी यादी मागितली. बोट फिरवत आपल्या नावापाशी थांबल्या आणि नवऱ्याला काहीतरी म्हणाल्या.

"ती म्हणते तीनशे पंच्याण्णव चूक आहे. तिने तीनशे शहाण्णव भरले होते."

मी ताडकन म्हणालो की शक्यच नाही. मी तणतणत गोदामात गेलो, प्रोखास्कोवाच्या रिकाम्या पेट्या उलट्या केल्या, आणि एकीच्या तळाच्या कागदाच्या घडीतून एक लोलक माझ्या हातात पडला. मी तो मुठीत घेऊन परत आलो आणि बाईंच्या हातात दिला. त्यांनी मान डोलावली आणि तो चाचांना ताडपत्री वर करून लावायला लावला.

तारा जोडून होईपर्यंत आम्ही चहा घेतला. मी बाईंना म्हटलं की सम्राटाच्या कारकुनाची गोष्ट मला फार आवडली. नवऱ्याने ते चेकमध्ये सांगितलं आणि बाई लांबलचक काहीतरी बोलल्या. ते ऐकून नवऱ्याचं तोंड कडू झालं. पण माणूस प्रामाणिक, स्वतःविरुद्धची साक्ष त्यांनी शब्दन्‌शब्द भाषांतर करून दिली.

"ती म्हणते, या सगळ्या बिअरच्या टेबलावरच्या गोष्टी आहेत. लोकांना त्या खऱ्या वाटतात. नावं सम्राटाच्या आधीपासून होती, त्याने फक्त पक्की केली. ती म्हणते, जुन्या काळी नाव माणसाचं नसायचं, घराचं असायचं. शेतावरच्या घराला नाव असे. जो कोणी तिथे राहायला येईल त्याला ते नाव लागे. लग्न करून बायकोच्या घरी आला तरी बायकोच्या घराचं नाव. अजून खेड्यात तसं म्हणतात. ती म्हणते..." ते जरा थांबले. "ती म्हणते, मी तिच्या घरी राहायला गेलो. कागदावर मी प्रोखास्का, म्हणजे फेरफटका. गावात मला कोणी प्रोखास्का म्हणत नाही. तिच्या घराच्या नावाने हाक मारतात."

क्षणभर मला फसवल्यासारखं वाटलं. इतके दिवस मी त्या कारकुनामागे घरोघर फिरत होतो. पण चाचा आपला चहा उचलत म्हणाले, "भाऊ, आमच्यात पन हाय हे. आमच्या घराच्या बाजूला परडं हाय, त्याला वैद्याचं परडं म्हनतात. वैद्य कदी कुनी बगितला नाय. माज्या बापानं नाय, त्याच्या बापानं नाय. चिंचा आमी पाडतो, तरी वैद्याच्याच."

आजोबा आमचं मूळ आडनाव सांगायचे ते वैद्य होतं की दुसरं, मला तिथे उभ्या उभ्या आठवेना. वडिलांना नंतर फोन करून विचारलं, तर ते म्हणाले, "असेल." एवढंच. पण त्या वेळी, हातात चहाचा कागदी कप आणि पायाखाली लोखंडाचा चुरा असताना, कुठल्यातरी न पाहिलेल्या परड्यातली एक चिंच माझ्या नावाची असू शकते या विचाराने मी चहा संपलेला कप पुन्हा तोंडाला लावला. चाचांनी ते पाहिलं आणि फोर्कलिफ्टची किल्ली शोधायचं नाटक करत तोंड फिरवलं.

इलेक्ट्रिशियनने हाक मारली. ताडपत्री ओढून काढली आणि खटका दाबला.

मी दिव्यांच्या कंपनीत नऊ वर्षं काढली, दिवे मला नवे नाहीत. पण मी दिवे खोक्यात पाहतो. नकळत मी एक पाऊल मागे सरलो. अकरा कड्या एकदम उजळल्या, आणि त्या काळ्या, तेलकट शेडच्या पत्र्यांवर, क्रेनच्या साखळीवर, खांबांवर रंगांचे ठिपके पसरले. बरेच जण आंघोळ करून, स्वच्छ पांढऱ्या कपड्यांत नमाजाहून आलेले, त्यांच्या कुडत्यांवर तांबडे, निळे, हिरवे ठिपके हलायला लागले. कुणीतरी हळूच माशाल्ला म्हणालं. तो बिहारी वेल्डर आपल्या तळहातावर पडलेला एक हिरवा ठिपका निरखत होता. असं काही आपल्या गल्लीत घडतंय यावर माझा विश्वास बसेना.

बाईंनी कोट नवऱ्याच्या हातात दिला आणि त्या झुंबराखाली गेल्या. त्यांनी सगळं झुंबर असं पाहिलंच नाही. मान वर करून एकेका कडीपाशी थांबत, ओठ हलवत त्या गोल फिरल्या. मला वाटलं प्रार्थना करतायत. मग माझ्या ध्यानात आलं की त्या ओळखतायत. कुठली कडी कुणाच्या हातची ते त्यांना खालून दिसत होतं. मला शेकडो लोलक दिसत होते, त्यांना तिथे दहा मैत्रिणी दिसत होत्या.

त्यांनी नवऱ्याचा मोबाइल मागून घेतला आणि फोन लावला. तिकडे सकाळचे अकरा वाजले होते. पॅकिंगच्या खोलीत बायका टेबलाभोवती जमून थांबल्या होत्या, हे आधीच ठरलं होतं म्हणे. त्याच दिवशी तिथलं काम संपत होतं. स्पीकरमधून कपबशांचा आवाज आला, खुर्च्यांचा, एकदम खूप बोलण्याचा. बाई काहीतरी म्हणाल्या आणि सगळं शांत झालं.

त्यांनी सगळ्यात वरच्या कडीकडे पाहिलं. "नोव्हाकोवा," त्या म्हणाल्या.

फोनमधून एक आवाज आला. "झ्दे."

कारागीर माझ्या कानाशी वाकले. "हे शाळेत म्हणतात. हजेरीला."

कुचेरोवा. झ्दे. पोस्पीशिलोवा. झ्दे. शेतात उडी मारणारीचा आवाज म्हातारा होता आणि तिने दोनदा म्हटलं. स्मुतना म्हटल्यावर कुणीच बोललं नाही. तिला जानेवारीतच घरी बसवलं होतं. मग बाकीच्या सगळ्या एकदम म्हणाल्या, झ्दे, आणि बाई पुढच्या कडीकडे वळल्या. नेवेचेर्झालोवाला नीट हजेरी देता आली नाही, ती रडत होती. शेडमध्ये कुणी हलत नव्हतं. आमच्यापैकी कुणाला ती भाषा येत नव्हती, आणि कुणाला काही समजावून सांगावं लागलं नाही.

दहा नावं झाली. सगळ्यात खालची अकरावी कडी राहिली. ती इतकी खाली होती की बाईंनी हात वर केला असता तर लागली असती. त्या तिच्याकडे बघत उभ्या राहिल्या आणि त्यांच्या तोंडून शब्द फुटेना. फोनमध्येही सगळ्या थांबल्या. मग तिकडून एकीने मोठ्याने विचारलं, "प्रोखास्कोवा?"

बाईंनी फोन तोंडाजवळ नेला, पण डोळे कडीवरून काढले नाहीत.

"झ्दे," त्या म्हणाल्या.